कॅस्केड हॉप्सच्या गोळ्या : पातळ उतरलेल्या एलमध्ये घालाव्यात का?

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं; ती वाळवून, दळून, दाबून केलेल्या या गोळ्या. ५० ग्रॅमचं चंदेरी पाकीट, आतली हवा काढून घट्ट बंद केलेलं. मागे पिकाचं वर्ष आणि अल्फा आम्ल (हॉप्समधला कडूपणा देणारा भाग) ६.२ टक्के छापलेलं. किंमत साडेचारशे रुपये. ऑनलाइन मागवलं, टिळकवाडीत व्यवस्थित पोचलं.

घेतलं ते घरी केलेल्या १० लिटर पेल एलच्या (एल हा बिअरचा एक प्रकार, पेल म्हणजे फिकट रंगाची) ड्राय हॉपिंगसाठी. म्हणजे हॉप्स उकळीत न घालता, आंबणं संपल्यावर थेट एलमध्ये सोडायचे, वासासाठी. कॅस्केड हा अमेरिकन वाण, १९७२ साली ओरेगॉनातून बाजारात आला, आणि वासासाठीच नावाजला गेला.

पण एल ठरवल्यासारखी उतरली नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गिरणीत भरड निघाला, त्यातली साखर पुरती सुटली नाही. हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजायचं साधन, साखर जास्त तितका आकडा मोठा) आंबण्याआधी १.०५० यायला हवं होतं, आलं १.०३८. आंबून १.०१० वर थांबली, म्हणजे अल्कोहोल पाचच्या जागी साधारण ३.७ टक्के. निपाणीचे दाजी आले होते. घोट घेतला आणि म्हणाले, "पातळ झालीया की रे. आता आणि पाला कशाला घालूलालास?"

"दाजी, न उकळता घातलं की कडूपणा फारसा चढत नाही," मी म्हटलं. तरी त्यांची शंका रास्त होती. उकळीतले हॉप्स जाड एलच्या हिशेबाने पडले होते, कडूपणा अंदाजे ३० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक). १.०५० च्या एलला तेवढा शोभतो, १.०३८ मध्ये माल्टची गोडी कमी, म्हणून तोच कडूपणा पुढे येतो. त्यावर रेसिपीप्रमाणे सगळं पाकीट, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, ओतलं असतं तर गवतट, तुरट चव वर आली असती. पण नुसतं हलकं असणं हा काही दोष नव्हे. इंग्लंडातली साधी बिटर नावाची एल ३.२ ते ३.८ टक्क्यांचीच असते, आणि तिथे पिंपात थोडे गोल्डिंग्ज (तिथला हॉप्सचा वाण) सोडण्याची जुनी रीत आहे.

म्हणून आधी दोन पेल्यांत बघितलं. डब्याच्या नळातून पाव-पाव लिटर काढलं, एकात अर्ध्या ग्रॅमची गोळी टाकली, दोन्हींवर बश्या ठेवल्या आणि रात्रभर फ्रीजमध्ये. गोळी बघता बघता फुगून फुटली, हिरवा चुरा आधी वर तरंगला. सकाळी तो तळाशी बसला होता आणि बशी उचलताच पपनसाची साल नखाने सोलावी तसा वास आला. पेले कुठले ते न सांगता दाजींपुढे ठेवले. त्यांनी हॉप्सवाला उचलला आणि संपवला.

मग १० लिटरला २० ग्रॅमच घातले. पंचाचा तुकडा उकळून घेतला, त्यात गोळ्या सैल बांधल्या (भिजल्यावर चांगल्याच फुगतात, जागा हवी) आणि जड जावं म्हणून उकळलेला स्टीलचा चमचा आत टाकला. झाकण उघडायचं तेवढ्यापुरतंच, जास्त हवा लागली तर वास मरतो. बाहेर पाऊस, मागच्या खोलीत २२ अंश. तीन दिवसांनी पुरचुंडी काढली.

इथे एक काळजी घ्याच. हॉप्समधली विकरं (एन्झाइम) उरलेली जड साखर फोडतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. माझी एल १.००९ वर उतरली. आकडा लागोपाठ दोन दिवस तिथेच राहिला तेव्हाच बाटल्या भरल्या. घाई केली तर बंद बाटलीत गॅस प्रमाणाबाहेर वाढतो, बाटली फुटूही शकते.

आता गोळ्यांविषयी. ताज्या निघाल्या. जुन्या हॉप्सना आंबूस चीजसारखा वास येतो, तो अजिबात नाही. रंग हिरवा, तपकिरी झाक नाही. एल अंगाने हलकीच आहे, हॉप्सने ती जाड झाली नाही, होणारही नव्हती. पण नाकाशी नेली की प्यावीशी वाटते. पाचपैकी चार गुण. एक कापला तो पाकिटाला झिप नाही म्हणून. उरलेले ३० ग्रॅम मला दुसऱ्या पिशवीत हवा दाबून काढून फ्रीझरमध्ये ठेवावे लागले.

तुमच्या एलचा आंबण्याआधीचा आकडा १.०३५ ते १.०४० इतकाच आला असेल तर बेलाशक घ्या, लिटरला दोन ग्रॅमच्या वर जाऊ नका. ती आधीच कडवट लागत असेल तर मात्र पेल्यात बघितल्याशिवाय पुरचुंडी बांधू नका.