फाउंटन: स्क्रिप्ट लिहायची साधी, फुकट सोय

फाउंटन म्हणजे सॉफ्टवेअर नाही हां, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पटकथा लिहायची पद्धत आहे, 2012 ला आली, अजूनही फुकट. नोटपॅड असो नाहीतर मोबाइल, कुठेही टाइप करा, नंतर फाउंटन समजणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकली की सीन हेडिंग (सीन कुठे, कधी घडतो ती ओळ), पात्राचं नाव, संवाद सगळं आपापल्या जागी बसतं. मार्जिनशी झटापट नाही.

पण देवनागरीत लिहिणाऱ्यांनी नीट बघा. इंग्रजीत पात्राचं नाव कॅपिटलमध्ये दिसलं की अ‍ॅपला आपोआप कळतं, आपल्याकडे कॅपिटल कुठून आणणार? मग नावाआधी @ टाकायचं, म्हणजे '@आई' आणि खालच्या ओळीत तिचा संवाद, आणि सीन हेडिंगच्या आधी एक टिंब, '.आतला. स्वयंपाकघर - रात्र' असं. सुरुवातीला चिडचिड होते, मग बोटांना सवय लागते. चौकोनी डबल कंसातल्या नोट्स मला जाम आवडतात, 'इथे ती रडणार की हसणार?' असलं काहीही लिहून पुढे सटकता येतं.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशोब 12 पॉइंट कुरिअर फाँटवरचा आहे, देवनागरी फाँटमध्ये तो धरून चालू नका.

शूटिंग ड्राफ्टला, म्हणजे शूटिंगला न्यायच्या पक्क्या स्क्रिप्टला, मात्र हे पुरत नाही. पानं लॉक करणं (बदल केले तरी पानांचे नंबर तेच ठेवणं), रंगीत रिव्हिजन पानं (बदललेली पानं वेगळ्या रंगात) वगैरे लागली की 'फायनल ड्राफ्ट' या सॉफ्टवेअरसारखंच काहीतरी हवं. पहिल्या खरड्याला डोळे झाकून घ्या, साडेचार स्टार.