ग्रिलच्या पाटीपायी माझे 16,500 रुपये गेले

दोन महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. घरातसुद्धा अर्धाच आकडा सांगितला होता. पण परवा अंबडच्या एका ओळखीच्या हॉटेलवाल्याचा फोन आला, "दादा, तुम्ही ग्रिलची पाटी कुठून मागवली होती? मला पण एक बघायचीय." मग गप्प बसवेना.

जालना-संभाजीनगर रस्त्यावर माझं छोटं हॉटेल आहे. एका बंद पडलेल्या फार्महाउसवरून मी सिरॅमिकचं कोळशाचं ग्रिल 38,000 ला घेतलं होतं. रांजणासारखं गोल, जाड भिंतीचं, त्याला कामाडो म्हणतात. त्यात कोळसा आणि जाळी यांच्या मधे एक जाड पाटी असते, हीट डिफ्लेक्टर. ती खालची आच अडवते, गरम हवा कडेकडेनं वर जाते आणि मटण न करपता चार-चार तास मुरत शिजतं. पाटी नसली तर ते ग्रिल आणि रस्त्यावरची शेगडी सारखीच. आमची पाटी जूनमध्ये गेली. पावसाचं पाणी आत शिरलं होतं, पोरानं तसंच पेटवलं आणि खालचं हवेचं दार सताड उघडं ठेवलं. ओल्या पाटीला एकदम आच लागली की ती तडकतेच. पोराला मी बोललो नाही, मीच शिकवलं नव्हतं.

तोंडावर आखाड आलेला. श्रावण लागायच्या आधीचे ते तीन-चार रविवार म्हणजे आमची कमाई असते, मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. कंपनीची पाटी यायला महिना लागणार होता. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. ओरिजिनल कॉर्डिएराइट (जबर आच सोसणारं सिरॅमिक), कोणत्याही ग्रिलला बसेल, फक्त 5,400 रुपये.

कोणत्याही ग्रिलला बसेल! हे वाक्य मी आता रोज आठवतो. मी त्या जाहिरातवाल्याला विचारलं होतं, माझ्या ग्रिलचा आतला व्यास 47 सेंटिमीटर आहे, पाटी केवढी देणार? तो म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका, सगळ्यांना बसते." अहो, पाटीच्या चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी लागते, नाहीतर हवा कोंडते आणि विस्तव गुदमरतो. माझ्या मापाला 41 ची पाटी हवी. पायांची हवी की स्टँडवर ठेवायची सपाट, हेही विचारावं लागतं. ज्यानं माप विचारलं नाही तो पाटी विकतच नव्हता. मला हे सगळं तेव्हाही माहीत होतं.

आणि फोटो. त्यानं पाठवलेल्या फोटोत पाटीच्या मागं एक घमेलं दिसत होतं, काठावर राखाडी थर वाळलेलं. मी ते पाहिलं. बोटांनी फोटो मोठा करून पाहिलं. मनात म्हणालो, असेल कुठलं तरी गोडाऊन. तिथंच फोन बंद केला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं.

नाजूक माल म्हणून 5,400 आधीच घेतले. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या विम्याचे 1,250, ते परत मिळणार होते म्हणे. परत मिळणारे पैसे कुणी आधी मागितले की समजून घ्या.

पाटी आली ती 45 सेंटिमीटरची. कडेवरून बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागली. रविवारची सहा किलो मटणाची ऑर्डर अंगावर होती, म्हणून घासून बसवली. चाळीस मिनिटांत, काटा 180 डिग्रीवर असताना, आतून फटाक्यासारखा आवाज झाला. झाकण उघडलं तर पाटीचे चार तुकडे, खपल्या कोळशात आणि वरचं सगळं मटण राखेनं माखलेलं. 4,680 रुपयांचं मटण उकिरड्यावर गेलं. पाटीच्या पोटातलं पाणी वाफ होऊन सिमेंट फुटलं होतं, हे मला नंतर एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या भट्टीच्या मिस्त्रींनी तुकडा हातात घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "मालक, कॉर्डिएराइट बाराशे डिग्रीच्या भट्टीत मडक्यांखाली ठेवतात, ते गरम झालं तरी फारसं फुगत नाही, म्हणून तडकत नाही. हे तर ओट्याचं सिमेंट आहे." ज्या गावात रात्रंदिवस लोखंड वितळतं त्या गावात राहून मी एकाही भट्टीवाल्याला आधी विचारलं नाही. मातीच्या भांड्यांच्या भट्टीचं सामान विकणाऱ्यांकडं कॉर्डिएराइटचं गोल शेल्फ मापानुसार मिळतं, हेही त्यांनीच सांगितलं.

त्याच रात्री मी त्या माणसाला शिव्या घातल्या. तो अगदी नरमाईनं म्हणाला, "सर, चूक झाली, 6,650 परत करतो, कोड स्कॅन करा." हॉटेल भरलेलं, काउंटरवर तीन गिऱ्हाइकं बिलासाठी उभी, ऑर्डरवाल्यांचं ऐकून घेऊन डोकं बधीर झालेलं. मी पिन टाकला. आकडा वाचला नाही. 9,850 गेले. मी अडाणी नाही, बावीस वर्षं धंदा करतोय, पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आलोय. पण त्या घटकेला त्यानं मला बरोबर गाठलं.

लाजेपायी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन दोन दिवसांनी केला. तसं करू नका. त्याच तासात केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात.

पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात गेलो. "कशाची पाटी? शेगडीची? तिला साडेसोळा हजार?" बाकावरचे दोघं हसले. मी माझ्या बापाच्या वयाच्या माणसांसमोर उभा राहून कामाडो म्हणजे काय ते समजावत होतो. अर्ज तीनदा लिहून घेतला. बँकेनं एफआयआरची प्रत मागितली, ठाण्यानं आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट मागितलं, आणि बँकेतले साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. म्हणून चोर चोर राहत नाही का? भाचा वकिली करतो, त्यानं नंतर दाखवलं की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे त्या टेबलांवर बसलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं? फुटलेले चार तुकडे मी पोत्यात घालून नेले होते. पुरावा म्हणून कुणी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. माझे तीन दिवस आणि पेट्रोल वेगळंच.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण तक्रार कुणावर करणार? बिलावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. पैसे देण्याआधी हे दोन बघा, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता.

पोतं अजून माझ्या काउंटरखाली आहे. काल भाच्यानं ती जाहिरात पुन्हा दाखवली. नाव नवीन आहे, फोटो तोच, मागं तेच घमेलं. भाव आता 4,900.