मुलाला खंबीर करायला कुठे पाठवावं? उन्हाळी कॅम्प, स्काउट, एनसीसी आणि गिर्यारोहण क्लब

मार्च संपत आला की पालकांच्या ग्रुपवर साहसी कॅम्पची पत्रकं फिरू लागतात. झिपलाइन, रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग, रात्री शेकोटी आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांची काळजी मात्र वेगळी असते. सामना हरला की दोन दिवस जेवत नाही, कोणी काही बोललं की दार लावून बसतो, याचं काय करायचं? मी शाळकरी मुलांसोबत सह्याद्रीत जातो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कार्यक्रमात थरार किती आहे यावर जाऊ नका, एवढंच मी सांगतो. मुलाला तिथे पुन्हा पुन्हा जायला मिळतं का आणि त्याच्या हातात खरी जबाबदारी येते का, हे पाहा.

यामागे इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या ब्रिटिश जहाजांवरचे तरुण खलाशी वयस्कर खलाशांच्या आधीच धीर सोडतात, असं जहाजकंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात आलं. त्यातून 1941 साली शिक्षणतज्ज्ञ कुर्त हान यांच्यासोबत वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ ही साहसातून शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. तिथला कोर्स जवळजवळ महिनाभराचा असे. पुढे 1997 साली जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांवरच्या 96 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वीस दिवसांहून मोठ्या कार्यक्रमांचा परिणाम जास्त दिसला, आणि कार्यक्रम संपल्यानंतरही तो वाढत गेला होता.

आता आपल्याकडचे पर्याय पाहू. पाच-सात दिवसांचा निवासी कॅम्प सगळ्यात सोपा, कारण पैसे भरले की जागा मिळते. घरापासून दूर राहणं, स्वतःचं ताट धुणं, मोबाइलशिवाय झोपणं हे पहिल्यांदा अनुभवणाऱ्या मुलासाठी तो चांगला आहे. त्यापुढची अपेक्षा त्याच्यावर लादू नये. झिपलाइनवर मुलाला करण्यासारखं काहीच नसतं; हार्नेस, म्हणजे कमरेचा सुरक्षा-पट्टा, दुसरा चढवतो, ढकलतोही दुसराच. भीती मोडते, पण निर्णय घ्यायची सवय लागत नाही. शिवाय मे महिना सह्याद्रीत डोंगर चढण्याचा नाहीच. ऊन, आटलेली टाकी आणि तापलेला कातळ यांमुळे सकाळचे काही तास सोडले तर मुलं शेडमध्येच असतात. त्याच संस्थेचा दिवाळीच्या सुट्टीतला कॅम्प असेल तर तो घ्या.

सैनिकी धर्तीवर ‘मुलाला सरळ करून देतो’ म्हणणाऱ्या कॅम्पपासून मात्र लांब राहा. अमेरिकेत गुन्ह्यांत सापडलेल्या किशोरांसाठी असे बूट कॅम्प मोठ्या प्रमाणावर चालवले गेले, आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलांच्या पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, असंच एकत्रित अभ्यासांतून दिसलं. ओरडा खाऊन मूल गप्प होतं. गप्प झालेलं मूल खंबीर झालं, असं आपण समजून चालतो.

स्काउटकडे आज पालक पाहतही नाहीत, याचं मला वाईट वाटतं. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काउटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांच्या छोट्या तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीचा नायक मुलांमधूनच नेमला. या पद्धतीत अजूनही तीच ताकद आहे. बारा वर्षांचा मुलगा सहा-सात जणांच्या जेवणाचा, तंबूचा आणि भांडणांचा जबाबदार होतो. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार अशी चढण वर्षानुवर्षं चालते, आणि खर्च नगण्य. अडचण एकच, पण मोठी: सगळं स्काउटमास्तरवर अवलंबून. कित्येक शाळांत पथक फक्त 26 जानेवारीला गणवेशात दिसतं. म्हणून शाळेत जाऊन एकच विचारा, गेल्या वर्षी मुलं किती रात्री तंबूत झोपली?

एनसीसीच्या ज्युनियर डिव्हिजनमध्ये साधारण आठवी-नववीची दोन वर्षं मिळतात, शेवटी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा. शाळेत युनिट हवं आणि जागा मर्यादित असतात. परेड, नेमबाजी, दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प असं स्वरूप असतं. ज्या मुलाचा दिवस विस्कटलेला असतो, ज्याला ठरलेली वेळ आणि स्पष्ट नियम मिळाले की बरं वाटतं, त्याला इथे फार फायदा होतो. पण या वयात निर्णय बहुतेक वरूनच येतात. सतत प्रश्न विचारणारा, हट्टी मुलगा इथे रमेलच असं नाही.

माझा कल गिर्यारोहण क्लबकडे आहे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे जुने क्लब आहेत. त्यांचे ट्रेक महिन्या-दोन महिन्यांनी होतात, आणि हिवाळ्यात प्रस्तरारोहणाचं शिक्षण असतं. एक मुलगा कातळावर चढतो, दुसरा खाली त्याला बिले देतो, म्हणजे त्याचा सुरक्षा-दोर सांभाळतो. मागे प्रशिक्षक दोर धरून उभा असतोच, पण मित्राचा जीव आपल्या हातात आहे हे त्या मुलाला कळतं. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ आणि हार्नेस तपासायचा. मैदानावर कुठल्याच संघात निवड न होणारा मुलगा बिले द्यायला उत्तम निघतो, हे मी पाहिलं आहे. आणि कातळावर ‘दोर ताण, मला भीती वाटते’ असं मोठ्याने सांगावंच लागतं. मुलग्यांना आपण ‘मुलगा असून रडतोस?’ असं म्हणत वाढवतो. मदत मागणं हा सुरक्षेचा नियम असलेली जागा त्यांना क्वचितच मिळते. चढाई अर्धवट सोडून उतरलेला मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच कातळाखाली उभा राहतो, तेव्हा खरं काम होतं. पाच दिवसांच्या कॅम्पमध्ये ही दुसरी वेळ येतच नाही.

गडसंवर्धनाच्या श्रमदान मोहिमाही याच जातीच्या. टाक्यातला गाळ काढायचा, ढासळलेली वाट मोकळी करायची. मुलगा वडिलांसोबत जाऊ शकतो, पैसे लागत नाहीत. गड संरक्षित असेल तर गटाकडे परवानगी आहे ना, तेवढं पाहा.

हिमालयातल्या गिर्यारोहण संस्थांची, म्हणजे दार्जिलिंगच्या एचएमआय किंवा उत्तरकाशीच्या निमच्या बेसिक कोर्सची घाई नको. सह्याद्रीत दोन-तीन हंगाम काढलेल्या मोठ्या मुलाचं ते पाऊल आहे.

सुरक्षेबाबत कुठेही सूट देऊ नका. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पैसे घेणाऱ्या आयोजकाकडे ते प्रमाणपत्र मागा. प्रशिक्षकांपैकी किमान प्रमुखाने गिर्यारोहणाचा बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि शिकवण्याचा एमओआय कोर्स केलेला असावा. जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, याचं उत्तर लगेच यायला हवं. आणि विचारा, एखाद्या मुलाने रॅपलिंगला नकार दिला तर काय करता? ‘आमच्याकडे सगळेच करतात’ असं उत्तर आलं तर तिथे पाठवू नका.

दहा-अकरा वर्षांचा असेल आणि शाळेचं पथक जिवंत असेल तर स्काउट. बारा-तेराच्या पुढे क्लब, त्याला शिस्तीची ओढ असेल तर एनसीसी. यांपैकी काहीच नसलेल्या गावात श्रमदानाचा गट. कॅम्प घ्यायचाच तर यांपैकी कशाची तरी सुरुवात म्हणून घ्या. मुलगा जायलाच तयार नसेल तर क्लबच्या एका दिवसाच्या ट्रेकला तुम्ही सोबत जा, आणि पुढच्या ट्रेकला जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. स्काउट आणि एनसीसीची नावनोंदणी जूनमध्ये शाळा उघडताच होते, क्लबचे प्रस्तरारोहणाचे वर्ग हिवाळ्यात भरतात. त्यामुळे आत्ता चौकशी केलीत तर दोन्ही वेळा हाताशी आहेत.