पुराचा विमा काढायचा का सरकारी परिहारावर (नुकसानभरपाईवर) बसायचं?

बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, अथणीकडं दूधगंगा-वेदगंगा-कृष्णाकाठी ज्यांची घरं हायत, त्यांनी २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवून बघा की. तेव्हा कर्नाटक सरकारनं तातडीचे १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले, म्हणजे परिहार मिळतो, हप्ता भरायला लागत नाही, पण घर 'पूर्ण पडलं' का 'थोडं पडलं' हे सर्व्हे करणारा ठरवतो आणि फ्रिज, गाद्या, तिजोरी यांचे पैसे त्यात नीट धरतच नाहीत.

विम्याचं वेगळं. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे, त्यात पुराचं नुकसान धरलेलं असतंच, घर परत बांधायला जेवढा खर्च येईल तेवढी रक्कम धरतात (जागेची किंमत नाही हां), आणि घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप कव्हर मिळतं. हप्ता दरवर्षी जातो, पाणी नाही आलं तर तो परत येत नाही, हे खरंच टोचतं.

तरी नदीकाठच्यांनी काढावाच असं मला मनापासून वाटतं. बेळगाव शहरातल्या, उंचावरच्या शहापूर-टिळकवाडीवाल्यांनी आधी गटाराचं पाणी घरात येतं का ते बघावं, मग ठरवावं. आणि कर्ज काढून घर घेतलंय तर बँकेनं आधीच विमा घातलाय का ते विचारा, त्यात सामान धरलंय का तेपण.