कर्नलमधले ‘इफडेफ’ काढून ‘इज-एनेबल्ड’ वापरल्यानंतरचा अनुभव

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत कारखान्यांतील यंत्रांसाठी लिनक्सवर चालणारे कंट्रोलर बोर्ड तयार होतात. एकच ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा कोड) निरनिराळ्या बोर्डांवर चालवायचा असल्याने कोणती सुविधा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घ्यायची हे कंपाइल करतानाच ठरते, आणि त्यासाठी आमच्या कोडमध्ये जागोजागी ‘इफडेफ’, म्हणजे पर्याय चालू असेल तरच पुढचा कोड घेणाऱ्या सूचना, पेरलेले होते. ते काढून ‘इज-एनेबल्ड’ हा, पर्याय चालू असेल तर एक आणि नसेल तर शून्य देणारा मॅक्रो वापरायला आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली. आता दिवाळीही उलटली आहे.

खरा फायदा पहिल्या काही दिवसांतच दिसला. ‘इफडेफ’ने वगळलेला कोड कंपायलरच्या आधी चालणारा प्रीप्रोसेसरच काढून टाकतो, त्यामुळे एखाद्या फंक्शनचे पॅरामीटर बदलले तरी बंद पर्यायाखालची जुनी ओळ तशीच पडून राहते आणि पुढे कधीतरी दुसऱ्या बोर्डासाठी तो पर्याय चालू केला की बिल्ड अडतो. साध्या ‘इफ’च्या अटीत ‘इज-एनेबल्ड’ लिहिले, तर कंपायलर तो भाग वाचतो, टाइप तपासतो आणि अट कायमची शून्य आहे हे कळल्यावरच तो गाळतो. चालत्या कर्नलवर त्याचा भार पडत नाही. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजातही हीच शिफारस आहे. मात्र स्ट्रक्टमधला, म्हणजे माहितीच्या रचनेतला, एखादा घटकच पर्यायावर अवलंबून असेल, तर तिथे ‘इफडेफ’ला इलाज नाही.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो ‘एम’ या किमतीने, म्हणजे मॉड्यूल (कर्नलपासून वेगळा बांधून नंतर जोडला जाणारा भाग) म्हणून निवडलेल्या पर्यायाने. आमचा ड्रायव्हर बोर्डाचे तापमान एचडब्ल्यूमॉनकडे, म्हणजे हार्डवेअरच्या मोजमापांवर लक्ष ठेवणाऱ्या कर्नलच्या भागाकडे, नोंदवतो. एचडब्ल्यूमॉन मॉड्यूल असेल तर नुसता ‘इफडेफ’ खोटा ठरतो आणि ही नोंदणी मुकाट्याने गळते. ‘इज-एनेबल्ड’ खरा ठरतो, पण आमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असला, तर मॉड्यूलमधले फंक्शन लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला) सापडत नाही आणि बिल्ड तिथेच थांबतो. तो भाग आपल्या कोडला खरोखर वापरता येत असेल तरच खरा ठरणारा ‘इज-रीचेबल’ हा मॅक्रो वापरून ती त्रुटी घालवता येते, परंतु मला तो उपाय पटत नाही, कारण पर्याय चालू दिसत असूनही तापमान कुठेच येत नाही आणि बोर्ड बसवणाऱ्या माणसाला त्याचे कारण शोधत बसावे लागते.

योग्य दुरुस्ती केकॉन्फिगमध्येच, म्हणजे कर्नलचे पर्याय आणि त्यांच्या अटी जिथे लिहितात तिथेच, आहे: आपल्या ड्रायव्हरच्या नोंदीत ‘डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन किंवा एचडब्ल्यूमॉन नाही’ अशी अट लिहायची. ही अट पहिल्या वाचनात निरर्थक वाटते. पण केकॉन्फिगमध्ये ‘एन’ (बंद) म्हणजे 0, ‘एम’ (मॉड्यूल) म्हणजे 1 आणि ‘वाय’ (कर्नलमध्येच बांधलेला) म्हणजे 2. नकार म्हणजे 2 मधून वजाबाकी, आणि ‘किंवा’ म्हणजे दोहोंतली मोठी किंमत. एचडब्ल्यूमॉन 0 किंवा 2 असेल तर उत्तर 2 येते, म्हणजे आडकाठी नाही. ते 1 असेल तर उत्तरही 1 येते आणि आपला ड्रायव्हर मॉड्यूलच राहू शकतो. नव्या सहकाऱ्यांना मी आता हे गणित कागदावर मांडूनच दाखवतो.

एक उणीव मात्र गंभीर आहे. पर्यायाचे नाव चुकीचे लिहिले, तरी मॅक्रो तक्रार न करता शून्य देतो. ‘कॉन्फिग’ हा उपसर्ग राहून गेला असेल तर चेकपॅच ही कर्नलचा कोड तपासणारी स्क्रिप्ट इशारा देते. अस्तित्वातच नसलेली नावे शोधण्यासाठी कर्नलच्या स्रोतात ‘चेककेकॉन्फिगसिम्बॉल्स’ ही स्क्रिप्ट आहे, आणि ती चालवल्याशिवाय आम्ही कोणताही बदल मुख्य शाखेत घेत नाही.