कोण आलं होतं? हल्ल्यानंतर घरचा उपचार की डॉक्टर, आणि पिंजऱ्याला जाळी कोणती

पक्ष्यांवर हल्ला झाला की ओळखीतल्या लोकांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हळद लावली तर चालेल का?" माझाही उलट प्रश्न ठरलेला: "कोण आलं होतं?" लोकांना तो चौकशीखोर वाटतो. पण डॉक्टरकडे आत्ता पळायचं की सकाळपर्यंत थांबायचं आणि उद्या बाजारातून कुठली जाळी आणायची, ही दोन्ही उत्तरं त्यातूनच निघतात.

इथे बोलतेय ते बजरीगर (बाजारात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ते), कॉकॅटेल, आफ्रिकन लव्हबर्ड, फिंच यांच्याबद्दल. देशी पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तो विषय वेगळा.

खुणा बघा. पिसं जाळीच्या बाहेर पडलीत आणि पक्ष्याचा पाय किंवा पंख जाळीलगतच्या बाजूने जखमी आहे, तर बहुतेक मांजर. पक्षी घाबरून जाळीला लटकतो आणि बोका बाहेरूनच पंजा मारतो. त्याला आत यावं लागतच नाही. पायाची बोटं कुरतडलेली, अर्धवट खाल्लेला पक्षी तळाशी किंवा बिळाकडे ओढलेला, कोपऱ्यात माती उकरलेली, तर घूस किंवा उंदीर. पक्षी कमी झालाय पण रक्त नाही, पीस नाही, तर साप. कधीकधी तो फुगलेल्या पोटाने आतच अडकलेला सापडतो, कारण आला त्या भोकातून परत जाता येत नाही. सर्पमित्राला बोलवा, काठी उचलू नका. आणि भर दिवसा हल्ला झाला, बाकीचे पक्षी तासभर पुतळ्यासारखे बसलेत, तर वर झाडावर शिक्रा शोधा. कावळाही जाळीतून पाय ओढतो, पण तो सहसा पिल्लांच्या वाटेला जातो.

आता निर्णय पहिला: घर की डॉक्टर.

मांजराचा दात किंवा नख लागलं असेल तर तुलनाच नको, डॉक्टर. जखम दिसत नसली तरी. मी हे चुकून शिकले. पाचेक वर्षांपूर्वी, जुलैतली रात्र, कॉकॅटेलची मादी. पंखाखाली टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, बस. रक्त थांबलेलं, ती राळे टिपत होती. मी हळद दाबली आणि झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, तिसऱ्या सकाळी गेली. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात आणि ते पक्ष्याच्या अंगात इतक्या वेगाने पसरतात की दोन दिवसांत खेळ संपू शकतो. प्रतिजैविक लक्षणं दिसायच्या आधी सुरू व्हावं लागतं. पुढच्या वर्षी तसाच ठिपका एका नराला पडला, त्याला त्याच दिवशी नेलं. तो अजून शिट्ट्या मारतो.

उंदीर-घुशीच्या चाव्यालाही मी हाच नियम लावते. शिक्र्याने नुसतं घाबरवलं असेल, पक्षी आपटून दमला असेल, एखादं शेपटीचं पीस गेलं असेल, तर घर पुरतं. पण श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय, पंख लोंबतोय, किंवा कातडीखाली हवा भरून फुग्यासारखा उंचवटा आलाय (आतली वायुपिशवी फाटली की असं होतं), तर मग कोण आलं होतं याला महत्त्व नाही, निघा.

रक्ताचा हिशोब लक्षात ठेवा. पस्तीस ग्रॅमच्या बजरीगरच्या अंगात रक्त जेमतेम तीन-साडेतीन मिली. चहाच्या चमच्यातही भरणार नाही इतकं. त्यातलं एक मिली, म्हणजे वीसेक थेंब गेले की जिवाशी खेळ. त्यामुळे आधी स्वच्छ कापूस किंवा कापडाने दाबून धरा, घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं, मध्ये उचलून बघू नका. तुटलेल्या नखाला कॉर्नफ्लोर चालतं. उघड्या जखमेत मात्र ते भरू नका, हळदही नको: लगदा होतो आणि डॉक्टरला तो आधी खरवडावा लागतो. तेल, तूप, मलम तर नकोच. पिसं तेलकट झाली की पक्ष्याला ऊब धरता येत नाही.

अडचण अशी की गावोगावच्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर आणि फार तर कुत्र्यांवर बसलेला असतो. नेण्याआधी फोनवर सरळ विचारा, "पक्षी बघता का?" नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, वेळ वाचला. मी साताऱ्यात राहते, तेव्हा खंबाटकी ओलांडून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय डोक्यात असतो. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतंच. नागपूर, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाताना पक्ष्याचं वजन करून न्या. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर छोटा डबा ठेवून शून्य करायचं आणि त्यात पक्षी. औषधाचा डोस त्या ग्रॅमवरच ठरतो. माणसांच्या गोळ्यांचा चुरा अंदाजाने देण्याइतका धोकादायक घरगुती उपाय दुसरा नाही.

दोन्ही पर्यायांत पहिला तासभर मात्र सारखाच जातो. पक्ष्याला टॉवेलात धरताना छाती दाबू नका: त्याला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे झालं तरच श्वास चालतो. बुटांचा खोका, तळाशी धागे न सुटलेलं फडकं, दांडी नाही, वर चार भोकं. ऊब एकाच बाजूला, म्हणजे नको झाली तर तो सरकेल. पावसाळ्यात-थंडीत मी खोक्याबाहेर चाळीस वॅटचा पिवळा बल्ब ठेवते आणि आत साधारण तीस अंश राखते. तो चोच उघडून धापा टाकतोय, पंख अंगापासून लांब धरतोय, तर जास्त झालं. एप्रिलमध्ये बल्ब लागतच नाही. दाणा तळाशीच पसरा, पाणी उथळ झाकणात. चोच उघडून पाणी ओतू नका, ते सरळ श्वासनळीत जातं.

विष्ठेवर नजर ठेवा. नुसती हिरवी आणि थोडीशी येतेय म्हणजे तो टिपण्याचं नाटक करतोय, पोटात काही जात नाही. इतक्या लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपास झेपत नाही.

एकटा ठेवायचा की सोबत? रक्त दिसलं की बाकीचे टोचतात, म्हणून वेगळा. पण आवाजाच्या अंतरावर. कॉकॅटेलचा जोडीदार शेजारच्या पिंजऱ्यात असेल तर तो लवकर दाण्याला लागतो, हा माझा अनुभव. मटक्यांतली अंडी त्याच रात्री हात लावून बघा. थंड पडली असतील आणि मादी परतत नसेल, तर दुसऱ्या जोडीच्या मटक्यात सरकवणं एवढंच हातात असतं.

निर्णय दुसरा: जाळी. दुकानदार षटकोनी कोंबडीजाळी पुढे करतो, स्वस्त असते म्हणून. चार पर्याय असे दिसतात (वेल्डमेश म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी जाळी, दुहेरी म्हणजे तिचे दोन पदर):

| | मांजर | घूस-उंदीर | साप | शिक्रा |
|---|---|---|---|---|
| षटकोनी कोंबडीजाळी | पंजा आत येतो | सहज शिरतात | शिरतो | पाय ओढतो |
| नायलॉनची कबुतरजाळी | फाडते | कुरतडतात | शिरतो | लांब राहतो, ताणलेली असेल तर |
| अर्धा इंच वेल्डमेश, एकपदरी | नख पोचतं | मोठे थांबतात | मोठा थांबतो | नख पोचतं |
| अर्धा इंच वेल्डमेश, दुहेरी | थांबते | मोठे थांबतात | मोठा थांबतो | थांबतो |

माझं मत सरळ आहे: पैसे बेताचे असतील तर पिंजरा लहान करा, पण जाळी दुहेरी घ्या, दोन पदरांत तीन इंच अंतर. जाळीला लटकलेल्या पक्ष्याचा पाय वाचवतं ते हे अंतर. सगळीकडे जमत नसेल तर निदान पक्षी जिथे रात्री बसतात त्या बाजूंना करा. उंदराची पिल्लं अर्ध्या इंचातूनही येतात, म्हणून तळाकडची दोन फूट पाव इंची. घुशीसाठी तळाला कोबा, किंवा जाळी फूटभर जमिनीत पुरून बाहेरच्या अंगाला वळवा. ती भिंतीलगत उकरायला लागते आणि जाळी लागली की सोडून देते. दारालाही दुसरं दार हवं. माझे दोन फिंच शिकाऱ्याने नाही, मी दाणा घालायला गेले तेव्हा दारातूनच गेले.

मग पिंजरा घरातच का नको? रात्रीपुरता आणायला हरकत नाही, आणि हल्ला झाल्यावर पहिला आठवडा आणावाच, कारण बोका परत येतो, बहुतेक त्याच वेळेला. पण स्वयंपाकघर सोडून. तापलेल्या नॉनस्टिक भांड्याचा धूर पक्ष्यांना मिनिटांत मारतो. उदबत्ती आणि फोडणीचा ठसकाही बरा नाही. कॉकॅटेल असतील तर मंद दिवा चालू ठेवा. अंधारात एक दचकला की सगळे आपटतात, आणि हल्ल्यात वाचलेला पक्षी त्यात पंख मोडून घेतो.

नवी वेल्डमेश आणली की त्याच दिवशी पक्षी सोडू नका. जस्ताच्या मुलाम्याचे पांढरे कण सुट्टे असतात, पक्षी ते चोचीने खरवडतात आणि जस्त पोटात जाऊन आजारी पडतात. व्हिनेगरमध्ये ब्रश बुडवून घासायची, धुवायची, उन्हात ठेवायची. आमची मागच्या पावसाळ्यात महिनाभर अंगणात पडून होती आणि तेवढे दिवस पक्षी हॉलमध्ये होते. बोका रोज रात्री येऊन रिकाम्या पिंजऱ्यासमोर बसायचा.