द्राक्ष रेसिड्यू टेस्टिंग लॅब : सॅम्पलिंग एक नंबर, फोन उचलायला कोणी नाही (४/५)

आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग निफाड तालुक्यात, माल युरोपला जातो; त्याआधी द्राक्षांत औषधाचा अंश (रेसिड्यू) राहिलाय का ते तपासून घ्यावं लागतं. नाशिकजवळच्या या खाजगी लॅबला चार स्टार देतोय.

सॅम्पलला माणूस लॅबचाच येतो, तो नियमच आहे. पण इथला पोरगा रस्त्याकडच्या चार वेलींवर भागवत नाही. मांडवाखाली आत शिरतो, दाट पानांतले, औषध साचून राहतं तिथले घड तोडतो. बांधाकडच्या ओळीला थांबून विचारतो, “दादा, शेजारी काय आहे?” टोमॅटो म्हटलं, त्यानं लिहून घेतलं. पिशवी आपल्यासमोर सील, वर ग्रेपनेटचा, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी नोंदणीचा, प्लॉट नंबर.

रिपोर्टला थायमेथॉक्झाम हे कीटकनाशक लागलं, किलोला ०.०२ मिलिग्रॅम. बागेत ते मारलेलंच नव्हतं. लॅबच्या मॅडमनी फवारणीची वही मागवून ओळ न् ओळ बघितली आणि म्हणाल्या, टोमॅटोवरचं उडून आलंय. बांधाकडच्या ओळी लोकलला काढा, बाकीच्याचं पुन्हा सॅम्पल द्या. दुसरा रिपोर्ट पास.

युरोपची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम किलोला, म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम! बरं, ही मर्यादा खाणाऱ्याच्या पोटासाठी नाही, मधमाश्यांसाठी खाली आणलीय. युरोपनं २०२३ला नियम केला, मार्च २०२६पासून लागू. त्यांच्या स्वतःच्या शेतकऱ्यांना हे औषध उघड्या शेतात २०१८पासूनच बंद आहे, त्यामुळे नुसता आडकाठीचा डाव म्हणता येत नाही. पण आमच्या शेजाऱ्याला टोमॅटोवर ते मारायला इथं कोण अडवणार? भुर्दंड मात्र आम्हाला.

लॅब निवडताना मशीन कुठलं हे विचारत बसू नका, तपासणीची यादी या हंगामाची आहे का ते विचारा. २०१०ला सीसीसीनं (क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखणारं औषध) युरोपात माल अडकला, तेव्हा ते औषध आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. ही लॅब यादी सॅम्पलच्या आधीच व्हॉट्सॲपवर टाकते.

एक स्टार कापला तो फोनसाठी. फेब्रुवारीत रिपोर्ट कबूल केलेल्या दिवशी आला नाही, ऑफिसचा फोन दिवसभर नुसता वाजत राहिला. तोडणीची टोळी बसून, एक्सपोर्टरचा तगादा वेगळाच. पुन्हा तपासणीलाही पूर्ण फी घेतात, थोडी तरी सूट द्यायला हरकत नव्हती.

जाणार असाल तर जानेवारीतच नंबर लावा, आणि फवारणीची वही झेरॉक्स करून सोबत ठेवा.